अपकृत्य, फक्त पंधरा पानांत

वहिनी 'अपकृत्य' या विषयात दुसऱ्यांदा नापास झाल्या, तेव्हा अस्सलरावांनी सर्वात आधी गुणपत्रिकेची नक्कल मुळाशी ताडून पाहिली. मुळात एकोणतीस होते, नकलेतही एकोणतीसच. पास व्हायला चाळीस लागत होते. कुठेच चूक न सापडल्यामुळे त्यांना फार वाईट वाटलं.

अस्सलराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. न्यायालयाच्या नक्कल विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. निकालपत्राची, जबाबाची, खरेदीखताची नक्कल तयार झाली की एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मुळावर बोट ठेवून ताडायचं आणि शेवटी 'अस्सलबरहुकूम' असं लिहून सही ठोकायची. म्हणजे मूळ कागदात जे आहे ते सगळं इथे आहे आणि जे नाही ते इथेही नाही. मुळावर चहाचा डाग असला तर नकलेत 'येथे डाग आहे' असं कंसात लिहिणारा हा माणूस. इमारतीत कुणीतरी एकदा त्यांना गमतीने अस्सलराव म्हटलं आणि ते नाव त्यांना असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला.

त्यांच्या पत्नी, म्हणजे साऱ्या इमारतीच्या वहिनी, छप्पन्नाव्या वर्षी विधी महाविद्यालयात दाखल झाल्या होत्या. वर्गातली मुलं त्यांना काकू म्हणत आणि त्यांच्याच वह्या उतरवून पास होत. पहिल्या वर्षाचा वहिनींचा हा एकच विषय अडकला होता. महाविद्यालयाचा नियम तीन संधींचा, तिसऱ्यांदा घोडं अडलं की पटावरून नाव कमी.

"मला पाठ सगळं आहे हो," वहिनी जेवणाच्या टेबलावर ते नऊशे पानांचं धूड बाजूला सारत म्हणाल्या. "पण पेपरात विचारतात, 'क्ष ला सल्ला द्या'. आता हा क्ष कोण, कुठला, त्याचं माझं काय नातं? त्याला बघितलं की माझं सगळं पाठांतर पळून जातं. हे कुणी मला पंधरा पानांत सांगितलं ना, तर मी आयुष्यभर उपकार मानीन."

"मी सांगतो," अस्सलराव म्हणाले.

वहिनींनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही? पंधरा पानांत? अहो, उद्या दूध नको म्हणून दूधवाल्याला लिहिलेली तुमची चिठ्ठी दोन पानांची होती. त्याने ती वाचता वाचता दूध ठेवून दिलं."

"तिथे संदिग्धता राहायला नको होती," अस्सलराव म्हणाले आणि उठून कपाटातले कोरे कागद मोजायला लागले.

त्यांना एवढी घाई का झाली होती, ते इथेच सांगून टाकलेलं बरं. एकतीस वर्षांपूर्वी वहिनींनी याच अभ्यासक्रमाचा फॉर्म भरला होता आणि 'तुम्ही जाता जाता देऊन या' म्हणून नवऱ्याच्या हातात ठेवला होता. सोबत जोडलेल्या पदवीच्या नकलेवर शिक्क्याची खालची कड नीट उमटलेली नव्हती. असली नक्कल पुढे करायची अस्सलरावांना लाज वाटली. दुसरी नक्कल करून, ताडून, सही घेऊन ते सोमवारी गेले. मुदत शनिवारी संपली होती. पुढच्या वर्षी मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण निघालं, मग काही ना काही निघत गेलं. वहिनींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त तेव्हापासून घरातला एकही फॉर्म त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला नाही. गॅसचा, बँकेचा, मुलीच्या शाळेचा, अस्सलरावांच्या स्वतःच्या पेन्शनचासुद्धा, सगळे फॉर्म वहिनीच देऊन येत. त्यांनी एकदा कडकडून भांडायला हवं होतं असं अस्सलरावांना फार वाटे. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

याही वेळी तिसऱ्या संधीचा फॉर्म आला, त्यात काडेपेटीएवढा एक चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'आधीच्या अपयशाची कारणे थोडक्यात नमूद करा'. अस्सलरावांनी दोन दिवस खपून चार पानांचं निवेदन तयार केलं, त्याला परिशिष्ट जोडलं. वहिनींनी चौकोनात लिहिलं, 'पाठ झाले, पण कळले नाही', आणि फॉर्म स्वतः देऊन आल्या.

आता अपकृत्य म्हणजे काय हे ज्यांच्या कानावरून गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, हा चोरीदरोड्याचा कायदा नव्हे. एकाच्या वागण्याने दुसऱ्याचं नुकसान झालं, त्यात तुरुंग नाही पण भरपाई आहे, असा हा मामला. इमारतीत राहणाऱ्या माणसाला हा विषय खरं तर शिकवावाच लागू नये.

अस्सलरावांनी पहिलं वाक्य लिहिलं, 'अपकृत्य म्हणजे दिवाणी स्वरूपाची चूक होय.' मग त्यांना वाटलं, हे अर्धवट झालं. त्यांनी 'परंतु' लिहिलं. परंतुच्या पोटात 'तथापि' आला, तथापिला 'मात्र' आडवा गेला. सहाव्या दिवशी व्याख्याच एकसष्ट पानांवर गेली होती आणि पूर्णविराम दृष्टिपथात नव्हता.

ही बातमी जिन्यात पसरली आणि सल्ले सुरू झाले. एखाद्याला ताप आला तर इमारतीत चौघे विचारतील, पण एखादा पुस्तक लिहितोय म्हटल्यावर झाडून सगळे येतात.

पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य आले. त्यांचा दवाखाना घरातच होता. "उदाहरणं द्या हो," ते म्हणाले. "मी पेशंटला कीड समजावतो ती आरसा दाखवून. नुसतं बोललं की माणूस ऐकत नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी समास आखून घ्यायला लावला आणि जाता जाता तीन ठिकाणी लाल शाईने खुणा केल्या. "उदाहरणं मुलांच्या रोजच्या जगातली हवीत," त्यांनी बजावलं.

समोरच्या दारातले विमावाले तर रोजच यायचे. त्यांचं म्हणणं एकच, "घाबरवा. माणूस घाबरला की लक्षात ठेवतो."

तिघांचंही अस्सलरावांनी ऐकलं, आणि इथेच सगळं बिघडलं. उदाहरणं हवीत, रोजच्या जगातली हवीत, आणि ऐकणारा दचकायला हवा. अस्सलरावांच्या रोजच्या जगात होते कोण? हेच तिघं. नावं लिहिणं शिष्टाचाराला धरून नाही एवढं त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी क्ष, य आणि ज्ञ केले. पण हाडाचा नक्कलवाला. वर्णनात कसूर कशी करणार? 'निष्काळजीपणा' या प्रकरणात लिहिलं गेलं, 'क्ष ही निवृत्त शिक्षिका असून तिसऱ्या मजल्यावर राहते. तिने गॅलरीच्या कठड्यावर अकरा कुंड्या ठेवल्या आहेत, पैकी डावीकडून चौथी डुगडुगते.' 'उपद्रव' या प्रकरणात य नावाचा दंतवैद्य सकाळी सहा पन्नासला यंत्र चालू करत होता. 'अतिक्रमण' या प्रकरणात ज्ञ हा विमा उतरवणारा गृहस्थ आपलं चपलांचं कपाट सामायिक जिन्यात दर वर्षी वीतभर पुढे सरकवत होता. कपाटात एकूण किती जोड होते तेही दिलं होतं.

पुस्तक चारशे बारा पानांवर थांबलं. थांबलं म्हणजे कागद संपले. आता उरली ताडणी. कच्ची प्रत अस्सलरावांच्या हातात, पक्की मोठ्याने वाचायला एक माणूस हवा. वहिनी अभ्यासात. तेव्हा त्यांनी तिन्ही शेजाऱ्यांना एकेक प्रकरण वाचायला बोलवायचं ठरवलं. ज्याचं प्रकरण त्याच्याच हातात द्यायचं नाही, इतकी अक्कल त्यांनी जरूर दाखवली. म्हणून मुख्याध्यापिकाबाईंचं प्रकरण दंतवैद्यांना दिलं, दंतवैद्यांचं विमावाल्यांना आणि विमावाल्यांचं मुख्याध्यापिकाबाईंना. आपल्या या युक्तीवर ते इतके खूश होते की त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला.

तिघांनीही फार मन लावून वाचलं. दंतवैद्य तर कुंड्यांच्या ठिकाणी थांबून म्हणाले, "वा, काय निरीक्षण आहे! चौथीच डुगडुगते." मुख्याध्यापिकाबाईंनी चपलांचा परिच्छेद दोनदा वाचला. विमावाल्यांनी सहा पन्नासचं वाचून अस्सलरावांच्या पाठीवर थाप मारली.

रविवारी दुपारी चार वाजता तिघांची जिन्यात गाठ पडली. "तुमच्यावर फार छान लिहिलंय हं," असं दंतवैद्य मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले. "माझ्यावर? अहो, मी तर विमावाल्यांवरचं वाचलं," बाई म्हणाल्या. पुढची पंधरा मिनिटं जिन्यात काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. सव्वाचार वाजता अस्सलरावांच्या दाराची घंटा वाजली ती बोट न उचलता.

अस्सलरावांनी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि ते उलट्या पावली आत आले. "मी घरात नाही म्हणून सांग."

"खोटं सांगू? मी कायदा शिकतेय."

"मग घरात आहे, पण कामात आहे असं सांग," म्हणत ते स्वयंपाकघरात शिरले आणि दारामागे भाजीच्या टोपलीशेजारी स्टुलावर बसले. चारशे बारा पानांचा गठ्ठा त्यांनी छातीशी धरला होता. एखाद्या लेखकाचं पहिल्या पुस्तकाबद्दल स्वागत व्हावं ते असं, या विचाराने त्यांना गहिवरून आलं.

बाहेर तिघं एकदम बोलत होते. वहिनींनी एकेकाला खुर्ची दिली. पुढ्यात ते नऊशे पानी पुस्तक उघडंच होतं, त्यांनी ते मिटलं.

"बदनामी आहे ही," विमावाले म्हणाले. "मी दावा लावणार."

"लावता येईल," वहिनी म्हणाल्या.

दारामागे अस्सलरावांच्या हातून एक कांदा सुटला आणि गडगडत गेला.

"तुमचं प्रकरण यांनी तुम्हालाच दाखवलं असतं ना, तर बदनामी झालीच नसती," वहिनी सावकाश म्हणाल्या, म्हणजे स्वतःलाच समजावत असल्यासारख्या. "तुमच्याबद्दल तुम्हालाच सांगितलं तर तुमचं नाव लोकांत कुठे खराब होतं? तिसऱ्या माणसाला कळायला लागतं. यांनी तुमचं बाईंना दाखवलं, तिथे ती प्रसिद्धी झाली. नाव लिहिलं नाही हाही बचाव नाही, कारण वाचणाऱ्याने तुम्हाला ओळखलं."

"बघा!" विमावाले दंतवैद्यांना म्हणाले.

"पण मजकूर खरा असेल तर दावा टिकत नाही. आता मला सांगा भाऊजी, कपाट पुढे सरकतं की नाही?"

विमावाले आपल्या चपलांकडे बघू लागले.

"आणि अतिक्रमणात नुकसान झालं हे सिद्ध करावं लागत नाही. कुणी अडखळून पडायची वाट बघायला नको. जागेत शिरलात, एवढं पुरे."

स्टुलावर अस्सलराव ताठ बसले. हे सबंध प्रकरण त्यांनी अठ्ठावन्न पानांत लिहिलं होतं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, गठ्ठ्यातलं वरचं पान उलटं केलं आणि पाठकोऱ्या बाजूला, चौतीस वर्षांच्या सवयीने, वहिनी बोलत होत्या ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायला सुरुवात केली.

"माझ्या यंत्राचं काय?" दंतवैद्य म्हणाले. "मी या इमारतीत सगळ्यांच्या आधी आलोय. हे लोक नंतर आले. आवाज सहन होत नव्हता तर यायचं नव्हतं."

"असं नाही म्हणता येत," वहिनी म्हणाल्या. "आधीपासून उपद्रव होता म्हणून तो चालत नाही. बघायचं एवढंच, की साधारण माणसाला हे रोज सोसवेल का. कधीमधी, दुपारी, दुखणाऱ्या दाढेसाठी असेल तर सोसायला हवं. रोज सकाळी सातच्या आत नाही."

"आणि कुंड्या?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. आवाज वर्गातला होता, पण जरा उतरलेला. "पडली का आजवर एक तरी?"

"पडली की," दंतवैद्य म्हणाले. "गेल्या महिन्यात माझ्या स्कूटरचा आरसा फुटला, तो आभाळ कोसळून नाही."

"तीन गोष्टी लागतात, बाई," वहिनी म्हणाल्या. "खाली माणसं वावरतात, त्यांची काळजी घेणं तुमच्यावर बंधनकारक होतं का? होतं. तुम्ही ती घेतली का? नाही. त्यामुळे नुकसान झालं का? झालं. पण डॉक्टर, 'येथे वाहन लावू नये' असं लिहिलेल्या भिंतीखाली स्कूटर लावलीत ती तुम्ही. तेव्हा थोडी चूक तुमच्याही पदरात, भरपाईतून तेवढी वजा."

 मग मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं." शाळेत पस्तीस वर्षं फक्त स्वतः सांगण्यात गेलेल्या बाईच्या तोंडून हे वाक्य आलं, हे अस्सलरावांनी कंसात नोंदवून ठेवलं.

 वहिनी मात्र तिघांकडे एकामागून एक बघत होत्या. "क्ष, य आणि ज्ञ," त्या हळूच म्हणाल्या. "अगंबाई, हे तुम्हीच होतात होय."

मंडळी सहा वाजता गेली. जाताना विमावाल्यांनी आपलं कपाट वीतभर मागे ढकललं. पूर्ण मागे न्यायला, ते म्हणाले, वेळ लागेल, वर्षांचा प्रश्न आहे. दंतवैद्यांनी साडेआठची वेळ कबूल केली आणि डावीकडून चौथी कुंडी त्याच संध्याकाळी खाली आली.

अस्सलराव बाहेर आले. त्यांच्या केसांत कांद्याचं साल होतं. त्यांनी हातातली पानं वहिनींच्या पुढ्यात ठेवली. वहिनींनी मोजली. चौदा भरली.

त्या वाचू लागल्या.  मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे एक अपवाद राहिलाय. मजकूर खरा असला तरी काही ठिकाणी आणखी एक अट लागते. तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो. माझ्या प्रतीत त्याची सात पानं आहेत."

"मग घातलं का नाहीत?"

"तू म्हणाली नाहीस," अस्सलराव म्हणाले. "मला थोडक्यात लिहिता येत नाही गं. मला नुसती नक्कल करता येते. तू जे म्हणालीस ते लिहिलं."

वहिनींनी पान उलटलं. शेवटी, सवयीप्रमाणे, लिहिलेलं होतं, 'अस्सलबरहुकूम', आणि खाली सही. त्या सहीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. चौतीस वर्षांत किती न्यायाधीशांच्या शब्दांखाली ती पडली असेल, आणि आज ती त्यांच्या शब्दांखाली होती. त्यांनी पदराने चष्मा पुसला, खरं तर डोळे. "तुमच्या डोक्यात साल अडकलंय," त्या म्हणाल्या आणि स्वतःच ते काढलं.

परीक्षेपर्यंतच्या तीन आठवड्यांत वहिनींनी उरलेल्या पानांच्या पाठकोऱ्या बाजू उत्तरं लिहून लिहून भरून टाकल्या, त्यामुळे अस्सलरावांच्या ग्रंथाचा शेवटी उपयोग झाला नाही असं कुणी म्हणू नये. पेपरात क्ष, य आणि ज्ञ आले तेव्हा वहिनींना त्यांचे मजलेसुद्धा दिसले. एकावन्न गुण मिळाले. अस्सलरावांनी तेही ताडून पाहिले, पण या वेळी नुसते बघत बसावंसं वाटलं म्हणून. दंतवैद्य पेढे मागायला आले आणि वहिनींनी त्यांना गोड खाण्यावरून त्यांचंच व्याख्यान ऐकवलं.

मग दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा फॉर्म आला. शनिवारी सकाळी अस्सलराव चपला घालत होते, निवृत्त माणूस घालतो तशा, कुठे जायचं नसताना. वहिनी आतून आल्या. हातात लिफाफा होता.

"तिकडूनच जाणार आहात ना? एवढं खिडकीवर देऊन या."

कुठून जाणार हे अस्सलरावांनाच माहीत नव्हतं. त्यांनी लिफाफा घेतला. काही बोलायला तोंड उघडलं, पण वहिनी पुन्हा आत गेल्या होत्या आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला होता, गरजेपेक्षा जरा जास्तच.

खिडकी दहाला उघडायची. अस्सलराव पावणेनऊला बाकावर जाऊन बसले. साडेनऊला त्यांच्याने राहवेना, त्यांनी लिफाफा उघडून कागद पाहिले. फॉर्म बरोबर होता. गुणपत्रिकेची झेरॉक्स तिरकी आली होती आणि खालचा उजवा कोपरा कापला गेला होता. शिक्क्याची कड अर्धी गायब होती.

 झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडेच होतं, नीट सरळ काढून यायला दहा मिनिटं लागली असती. ते उठले. मग पुन्हा बसले. मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसून राहिले. बाकावरची एक मुलगी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, बरं वाटत नाहीये का?"

"बरंच वाटतंय," अस्सलराव म्हणाले.

दहाला खिडकी उघडली. आतल्या बाईंनी कागद चाळले, नकलेवर थांबल्या. "आजोबा, इथे कोपरा कापला गेलाय. दुसरी आणता का? सोमवारीही चालेल, मुदत आहे अजून."

चौतीस वर्षं अस्सलरावांच्या घशाशी येऊन उभी राहिली. त्यांनी ती गिळली.

"वाचता येतंय ना?" ते म्हणाले.

"वाचता येतंय तसं."

"मग असू द्या. घ्या आजच."

बाईंनी खांदे उडवले आणि शिक्का मारला. पोच हातात पडली ती अस्सलरावांनी घडी न घालता दोन्ही हातांत धरून घरी आणली. वहिनी दारातच उभ्या होत्या, दार झाडायला आल्यासारख्या, पण हातात केरसुणी नव्हती. त्यांनी पोच घेतली, आजची तारीख वाचली, आणि मग पुन्हा एकदा वाचली.

"झेरॉक्स जरा तिरकी आली होती," वहिनी म्हणाल्या. "मी काल मुद्दाम बदलली नाही."

"मला दिसलं," अस्सलराव म्हणाले आणि चपला काढून आत आले.